पाणघोड्याचं प्रकरण

बत्तीस वर्षं मी वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूत दोन ग्रॅमचा फरक असला तरी तो मला दुकानाच्या पायरीवरूनच कळायचा. कोणतंही काम बिनचूक करणं हा माझा स्वभाव आहे. त्यामुळे एका पाणघोड्यापायी माझी जी काही शोभा झाली, तिच्यात माझा दोष फारच थोडा होता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

आमची ही शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई. चौतीस वर्षं एकच शाळा, एकच वर्ग. इतकी वर्षं शाळेत जाऊन अजून पहिलीतच आहे, असा विनोद मी दर जूनमध्ये करतो आणि ती दर जूनमध्ये हसत नाही. तर ती या महिनाअखेर निवृत्त होणार होती. मी दोन वर्षांपूर्वीच झालो. तेव्हापासून दिवाणखान्यातला तीन माणसांचा सोफा माझ्या ताब्यात आहे. एका जागी मी बसतो, दुसरीवर वर्तमानपत्रं असतात आणि तिसरीवर निरनिराळ्या कचेऱ्यांना लिहिलेल्या तक्रारअर्जांच्या फायली. ही स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसते. तिला ते स्टूल आवडतं अशी माझी समजूत होती.

एका संध्याकाळी ती त्या स्टुलावरून मला काहीतरी सांगत होती आणि मी पाणीपुरवठा खात्याचा जाहीर खुलासा वाचत होतो. मध्येच ती थांबली. मी वर न बघता म्हटलं, "हं, पुढे?"

"पुढे काय? आत्तापर्यंत काय सांगितलं ते सांगा बघू."

"शाळेचं काहीतरी," मी म्हटलं. हे उत्तर शंभरातून नव्वद वेळा बरोबर येतं.

"चौतीस वर्षांत माझं एक तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकलंय का हो तुम्ही?" ती म्हणाली. "आता तर मी दिवसभर घरी असणार. बोलू कोणाशी? या स्टुलाशी?"

ती चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ती अगदी शांतपणे म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली. मला ते लागलं. उगाच कशाला लपवू, चांगलंच लागलं. निरीक्षकाच्या निरीक्षणावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

मी ठरवलं की आपण ऐकतो हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं. आणि पुरावा माझ्याकडे होता. हिची एक पाणघोड्याची गोष्ट आहे. पहिलीतली पोरं पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं गळा काढतात, तेव्हा ती सांगते. आमच्या मुलीलाही लहानपणी रोज सकाळी वेणी घालताना हीच गोष्ट असायची आणि घरी असलो की मी शेजारीच दाढी करत असायचो. ही गोष्ट मी किमान हजार वेळा ऐकली असेल. ती लिहून काढायची, चित्रकाराकडून चित्रं काढून घ्यायची, छान बांधणी करायची आणि निरोपसमारंभात सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवायची. मग विचारायचं, कोण ऐकत नाही? हातात तीन आठवडे होते. मी खात्यात असताना तीन आठवड्यांत सगळी बाजारपेठ तपासून मोकळा व्हायचो.

गोष्ट मी दोन सकाळींत लिहून काढली. एका पाणघोड्याला वाटतं की आपलं तळं आपल्याला लहान पडतंय. तो आपण मावू अशी जागा शोधायला निघतो. बसमध्ये मावत नाही, शाळेच्या बाकावर मावत नाही, नावेत मावत नाही. मी फक्त तपशील पक्के केले. "सदर पाणघोडा, वजन अंदाजे एक हजार आठशे किलो, दिनांक नमूद नाही, आपल्या राहत्या तळ्यातून बाहेर पडला," अशी माझी सुरुवात होती. मुलांना लहान वयातच नेमकेपणाची सवय लागलेली बरी.

पहिला वाचक म्हणून समोरच्या दारातल्या वकिलांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, संपूर्ण वाचली आणि म्हणाले, "पाणघोड्याच्या जागी ससा घ्या."

"ससा बसमध्ये मावतो," मी म्हटलं.

"ते बघता येईल. पण पाणघोड्याबद्दल सहानुभूती निर्माण होत नाही. मी तीस वर्षं कोर्टात उभा राहतोय, चेहऱ्याचा परिणाम होतो साहेब."

वरच्या मजल्यावरच्या मावशींना या गोष्टीचा सुगावा कसा लागला कोण जाणे, पण त्या दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून म्हणाल्या, "पाणघोडा पालेभाजी खातो ना? मग तेच लिहा. भाजी खाल्ली म्हणून एवढा मोठा झाला. आमचा नातू ऐकेल तरी." मी त्यांना सांगितलं की तो इतका मोठा झाला हीच त्याची अडचण आहे. त्यावर त्या म्हणाल्या की मग अडचण बदला. सल्ला देणाऱ्या माणसाला गोष्टीचं काहीच सोयरसुतक नसतं, हे मला तेव्हा कळलं.

चित्रकार मात्र वकिलांनीच सुचवले. पशुवैद्यक महाविद्यालयात या चित्रकारांनी अठ्ठावीस वर्षं भिंतीवरचे तक्ते रंगवले होते. मी त्यांच्या खोलीत गेलो तर एका भिंतीवर घोड्याचा मागचा पाय, हाडांसकट, आणि दुसऱ्या भिंतीवर गाईचं पोट, भाग एक ते चार. प्रत्येक भागाला बाण आणि बाणाच्या टोकाला नाव. मी पाहताक्षणी ठरवलं, हाच आपला माणूस. असा काटेकोरपणा हल्ली बघायला मिळत नाही.

"नर की मादी?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"नर."

"वय?"

वय मी लिहिलं नव्हतं. मी वरमलो. "मध्यम," म्हटलं.

"बघून काढावं लागेल," चित्रकार म्हणाले. "जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मी काढत नाही. नोकरीतसुद्धा काढलं नाही. प्राचार्य म्हणाले होते, उंटाचं पोट अंदाजानं काढा. मी आठ महिने उंट मरायची वाट पाहिली."

अशा माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पाणघोडा जिवंत चालेल एवढीच मी खात्री करून घेतली आणि आम्ही प्राणिसंग्रहालय गाठलं.

तिथं खिडकीत बसलेल्या कारकुनानं छापील अर्ज पुढे केला. त्यात छायाचित्रण आणि चलचित्रण असे दोन रकाने होते. हातानं चित्र काढणं हा रकानाच नव्हता. कारकून म्हणाला, "कॅमेरा आणा, लगेच सोडतो." आम्ही म्हटलं, आमच्याकडे पेन्सिल आहे. त्यानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मग तुम्ही 'इतर'मध्ये. इतरला अधीक्षकांची सही लागते. अधीक्षक सोमवारी येतात. सोबत हमीपत्र द्या, की चित्र काढल्यानं प्राण्याला कोणताही त्रास होणार नाही."

दुसरा कोणी वैतागला असता. मला खरं सांगायचं तर घरच्यासारखं वाटलं. मी तिथल्या तिथे हमीपत्राचा मसुदा केला, त्यात दोन पोटकलमं जास्त घातली आणि कारकुनानं त्याची एक प्रत नमुना म्हणून ठेवून घेतली. सोमवारी सही झाली.

पाणघोडा मात्र पाण्यात होता. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत आम्ही कठड्याशी उभे होतो. पाण्याबाहेर दोन कान आणि दोन नाकपुड्या. मधून मधून एक कान हलायचा, तेवढीच काय ती घडामोड. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रखवालदाराला विचारलं, हा बाहेर कधी येतो? तो म्हणाला, "अंधार पडल्यावर. फाटक तर पाचला बंद होतं." म्हणजे या प्राण्याला नोकरीवर ठेवलं असतं तर त्याला कामाच्या वेळात कोणी पाहिलंच नसतं. अशी दोन-तीन माणसं माझ्या खात्यातही होती.

चित्रकारांनी तीन दिवसांत अकरा चित्रं काढली. अकराही चित्रांत पाणी आणि दोन कान. फार सुंदर पाणी होतं, त्यात वाद नाही. पण शाळेच्या बाकावर कान बसवून गोष्ट पुढे जाईना.

"डोकं जमलंय," ते म्हणाले. "अंगाचा प्रश्न आहे. बसल्यावर पोट कसं पडतं, पाठीचा बाक कसा येतो, हे समोर दिसायला पाहिजे." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

आता, मी काही स्थूल नाही. माझं वजन मला ग्रॅमपर्यंत माहीत आहे, ते इथं सांगायचं कारण नाही. पण समारंभाला अकरा दिवस उरले होते आणि ही रोज सकाळी साडेसातला शाळेत जायची ती एकला परतायची. दुसऱ्या दिवसापासून मी चित्रकारांसमोर सोफ्यावर बसू लागलो. बसमधला पाणघोडा, बाकावरचा पाणघोडा, नावेतला पाणघोडा, सगळे माझ्या नेहमीच्या जागेवरून काढले गेले. "तुमची बसायची पद्धत तयारच आहे," चित्रकार म्हणाले. मी हे कौतुक म्हणून घेतलं. पुढची अडचण अशी की पाणघोडा तळ्यातून बाहेर पडतो ते चित्र राहिलं होतं. त्यासाठी हातापायांवर उभं राहणं आलं. मी सतरंजीवर ओणवा झालो, अंगावर करडी चादर घेतली आणि चित्रकार म्हणाले, "मान पुढे. तोंड थोडं उघडं. हलू नका."

नेमके तेव्हा वकील आमचं वर्तमानपत्र परत द्यायला आले. दार उघडंच होतं. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं, पण हलायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. त्यांनी वर्तमानपत्र हळूच टेबलावर ठेवलं आणि पाय न वाजवता निघून गेले. संध्याकाळी मावशींनी हिला जिन्यात गाठून सांगितलं, "यांना जरा फिरायला नेत जा हो. निवृत्ती एकेकाला मानवत नाही." ही माझ्याकडे दोन दिवस निरखून बघत होती. मी खुलासा करू शकत नव्हतो. निर्दोष माणसाला गप्प बसावं लागतं तेव्हा काय वाटतं, ते मी तेव्हा अनुभवलं.

समारंभ सहा दिवसांवर आला आणि चित्रकारांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथं तुम्ही लिहिलंय, 'अशा रीतीने पाणघोड्याचे प्रकरण निकाली निघाले.' निकाली निघाले म्हणजे काय दिसतं?"

"म्हणजे संपलं."

"ते कळलं. पण पाणघोडा कुठे आहे? काय करतोय? त्याला जागा मिळाली का?"

मला माहीत नव्हतं. मी आठवायला लागलो. मुलीची वेणी, माझी दाढी, बस, बाक, नाव, आणि नावेतून पाणघोडा उतरला की न्हाणीघरात माझं आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. दर वेळी. हजार वेळा मी ती गोष्ट नावेपर्यंत ऐकली होती. एकदाही पुढे ऐकली नव्हती. जो पुरावा मी जमवत होतो, तो माझ्याच विरुद्धचा पुरावा होता.

हिला विचारणं शक्यच नव्हतं. विचारलं की ती एवढंच म्हणाली असती, "बघा." म्हणून मी चौकशी सुरू केली. आमच्या भागातला दातांचा डॉक्टर हिचा विद्यार्थी. एक धडधाकट दाढ घेऊन मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. "शेवट?" तो माझ्या तोंडात आरसा घालून म्हणाला. "पाणघोड्यानं जांभई दिली आणि सगळं गाव बघायला आलं, एवढं मोठं तोंड कोणाचंच नव्हतं. मला तेव्हा पुढे आलेल्या दातांवरून सगळे चिडवायचे. बाईंची गोष्ट ऐकल्यावर मी हसताना तोंडावर हात धरणं सोडलं." दाढ किडलेली निघाली, ते वेगळं.

पोस्टात टपाल वाटणारी बाईही हिचीच विद्यार्थिनी. तिला जिन्यात थांबवून विचारलं. ती म्हणाली, "शेवटी त्याच्या पाठीवर एक चिमणी येऊन बसते, आणि त्याला कळतं की आपल्याकडेच केवढी जागा आहे. मी वर्गात सगळ्यात बारीक होते काका. शाळा नवी, ओळखीचं कोणी नाही. ती चिमणी मीच, असं मला वाटायचं."

मी हबकलो. एका गोष्टीला दोन शेवट. किलो म्हटला की तो सगळीकडे एकच किलो पाहिजे, यावर माझी सगळी नोकरी उभी होती, आणि माझ्याच घरात ही बाई चौतीस वर्षं गिऱ्हाईक बघून माप बदलत होती. अधिकृत शेवट मिळावा म्हणून मी परगावी मुलीला फोन लावला.

"शेवट होय," ती म्हणाली. "पाणघोडा हरवतो. मग त्याचे बाबा कामावरून लवकर निघून त्याला शोधायला येतात." आणि ती हसली. "तुम्ही तेव्हा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असायचात ना."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी कोणाचीच चौकशी केली नाही. नुसता सोफ्यावर बसून होतो, आणि तिथंही मला नीट बसवेना.

शेवटचं पान कोरंच राहिलं. चित्रकार म्हणाले, न दिसलेलं काढणार नाही. मी "निकाली निघाले" हे वाक्य खोडलं. पुस्तक बांधून आलं तेव्हा दिसलं की सवयीनं त्यांनी चौथ्या पानावर पाणघोड्याच्या शेपटीला बाण काढून "शेपूट" असं लिहिलं होतं. बदलायला वेळ नव्हता.

समारंभाला शाळेचं सभागृह भरलं होतं. पुढे सतरंजीवर पहिलीची मुलं, मागे खुर्च्यांवर पालक आणि जुने विद्यार्थी. चित्रकारही होते, वकील आणि मावशी होत्या. मुख्याध्यापिकांनी मला बोलायला सांगितलं. मी भाषणात फक्त एवढंच म्हटलं की ही एक भेट आहे, आणि पुस्तक हिच्या हातात दिलं. हिनं कागद सोडला, पहिलं पान पाहिलं आणि तिचा हात तिथंच थांबला. मग ती मुलांकडे वळून पानं उलटत वाचायला लागली. "सदर पाणघोडा, वजन अंदाजे एक हजार आठशे किलो." मुलं पोट धरून हसली. इतकी दाद मला खात्यात कधी मिळाली नव्हती.

बाकावरच्या पाणघोड्याचं चित्र तिनं मुलांना दाखवलं, तेव्हा पुढच्या रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली. तिनं चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चित्र पाहिलं. "बाई, हे तर ते आहेत," ती म्हणाली. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. चित्रकारांनी जे दिसलं ते काढलं होतं. नाकावर चष्म्याचा वळसुद्धा होता. मागे वकील मावशींना म्हणाले, "आत्ता उलगडा झाला."

मग नाव आली, आणि नावेनंतर कोरं पान. ही थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पुढे?"

मी उभा राहिलो. खोटं बोलायला जागाच नव्हती. "पुढचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "शेवट मी कधी ऐकलाच नाही. दर वेळी नावेपाशी उठून गेलो. चूक माझी आहे."

हिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मग पाणघोडा घरी परत आला," ती मुलांना सांगायला लागली. "घर तसं पुरेसं होतं. पण हा आपला सगळा पसरून बसायचा. दुसऱ्या कोणाला बसायला जागाच उरायची नाही."

"मग?" मुलं म्हणाली.

"मग एक दिवस तो जरा सरकला."

"एवढंच?" दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

"एवढंच," ही म्हणाली. "पाणघोड्याला तेवढंसुद्धा फार अवघड असतं गं." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. मीही चष्मा पुसला. तो खरोखरच मळला होता.

घरी आलो तर चित्रकार मागोमाग आले. शेवटचं पान राहिलं होतं. काय बघून काढणार असं विचारलं, तर म्हणाले, दिसलं तर काढतो. हिनं सवयीनं स्टूल ओढलं. मी म्हटलं, "थांब." दुसऱ्या जागेवरची वर्तमानपत्रं उचलून मी रद्दीत टाकली. तिसऱ्या जागेवरच्या फायली उचलायला दोन खेपा लागल्या, त्या कपाटावर ठेवल्या. मग सोफ्याच्या कडेला सरकून बसलो. स्प्रिंग एवढी कुरकुरली की मावशींनाही ऐकू गेली असेल. ही येऊन शेजारी बसली. स्टूल चित्रकारांनी घेतलं.

"त्या दिवशी तू काय सांगत होतीस?" मी विचारलं. "पहिल्यापासून सांग."

ती पहिल्यापासून सांगायला लागली. शाळेनं विचारलं होतं की निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस येऊन लहान मुलांना गोष्टी सांगाल का. तिला जावंसं वाटत होतं. पण आता दोघंही घरी असणार, मला एकट्याला करमेल का, म्हणून आधी मला विचारायचं होतं. तीन आठवडे ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. सांगताना मध्येच थांबून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"मग जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "आणि आलीस की काय काय झालं ते सांग. मी इथंच असेन."

समोर पेन्सिल कागदावर चालायला लागली होती. "हलू नका," चित्रकार म्हणाले.

आमच्यापैकी कोणीच हलणार नव्हतं.